पस्तीस शतांशांचं भोक

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात बसतो. गेली एकोणीस वर्षं लोकांच्या नळांची गाऱ्हाणी ऐकून घेणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे एखादी वस्तू बिघडली की माणसं कशी वागतात याविषयी मला कोणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. ते मत गेल्या थंडीत गळून पडलं. आमची मोटरसायकल थंडीत उभ्या उभ्या बंद पडायला लागली आणि त्या एवढ्याशा दुखण्यापायी मी जे काही पाहिलं, ते आठवलं की अजून बोट तोंडात जातं.

दुखणं ऐकायला साधं होतं. किक मारली की गाडी चालू व्हायची. पळताना काही तक्रार नसायची. पण कुठे थांबलो आणि ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की दोनदा खोकायची आणि गप्प. उन्हाळ्यात हीच गाडी तासभर एका जागी उभी राहून पुटपुटत असे. थंडी पडली तशी तिने थांबणं आणि झोपणं यांतला फरकच सोडून दिला.

आता तुम्ही म्हणाल, विका की ती आणि दुसरी घ्या. हे मला तुमच्याआधी चौदा जणांनी सांगून झालं आहे. पण आमच्या गाडीला शेजारी साइडकार जोडलेली आहे आणि साइडकारमध्ये माझी आत्या बसते. आत्याच्या पायांत लहानपणापासून जोर नाही. दोन कुबड्या, एक तिखट जीभ आणि बाजाराच्या कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं खिडकीएवढं दुकान, एवढी तिची मालमत्ता. साइडकारचं दार बरोबर आमच्या ओट्याच्या उंचीला कापून घेतलेलं आहे. ओट्यावरून ती स्वतः सरकून आत बसते, कुबड्या आत घेते, दार लावते आणि म्हणते, "चल." दुसऱ्या कुठल्याही वाहनात तिला दोघांनी उचलून ठेवावं लागतं, आणि आत्याला उचललेलं अजिबात चालत नाही. एकदा एका भल्या माणसाने न विचारता तिला उचलून टॅक्सीत ठेवलं. टॅक्सी सुरू होईपर्यंत तिने त्याला ऐकवलं, आणि सुरू झाल्यावर काच खाली करून उरलेलं ऐकवलं.

अशात वाहन नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते हे मला माहीत होतं. यंदा त्यात एक कलम वाढलं होतं. तीन आठवड्यांनी सकाळी आठ वाजता गाडी तपासणीच्या आवारात आणावी. इंजिन पूर्ण थंड असावं. ते चालू केल्यावर कोणीही हात न लावता दोन मिनिटं जागच्या जागी चालू राहिलं पाहिजे. न राहिल्यास नोंदणी रद्द, आणि नोंदणीबरोबर साइडकारची परवानगीही रद्द. नवीन साइडकारला परवानगी देणं सात वर्षांपूर्वीच बंद झालं होतं.

पत्रातली अक्षरं चांगली ठसठशीत होती, तरी आत्याने ते डोळ्याला भिंग लावून वाचलं. मग घडी घालून ठेवलं.

"म्हणजे मी घरी बसायचं," ती म्हणाली.

एवढंच. मग तिने अर्धा चहा तसाच ठेवला. आत्याने चहा टाकलेला मी जन्मात पाहिला नव्हता. 

"आत्या, तू काळजी करू नकोस. मी बघतो," मी म्हणालो. हे वाक्य मी कचेरीत दिवसाला चाळीस वेळा म्हणतो. त्याचं पुढे काय होतं ते इतरांना नसलं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

बातमी इमारतीत पसरायला अर्धा दिवस लागला. पहिल्या मजल्यावर प्रेशरकाका राहतात. त्यांची सारी नोकरी एका गिरणीच्या बॉयलरपुढे गेली, आणि जगातलं प्रत्येक यंत्र हा मुळात बॉयलरच असतो अशी त्यांची धारणा आहे. मिक्सरसुद्धा. त्यांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, टाकीवर हात ठेवला आणि डॉक्टरच्या सुरात विचारलं, "रात्री अंगावर काय असतं हिच्या?"

"काही नाही."

"काही नाही!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोटचं पोर मी उघड्यावर निजवलं होतं. "अहो, लोखंड थंडी धरून ठेवतं. आधी पांघरूण करा."

मी कानाआड केलं असतं, पण बायकोला ते पटलं. तिने जुन्या गोधड्या उसवून गाडीला एक रजई शिवली, चांगली दोन बाह्यांची, हँडलच्या मुठींसाठी. वरून दोन आरसे बाहेर डोकावत. ओट्याशी एखादं आजारी माणूस निजवलंय असं वाटे. पोस्टमन दोन दिवस आमच्याशी हलक्या आवाजात बोलत होता.

दुसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाई असतात. त्यांचं निदान वेगळं होतं. "तुमची गाडी बंद पडते ते सोडा," त्या म्हणाल्या, "पण ती बेसूर बंद पडते. पंचमावर उभी असते, मग पाय घसरतो आणि कोसळते. तिला पंचम धरून ठेवायला शिकवा." दुसऱ्या दिवसापासून मी किक मारली की त्या वरच्या गॅलरीतून पंचम लावायच्या. गाडी घसरायची. बाई मात्र गाडी बंद पडल्यावरही बराच वेळ टिकायच्या. त्यांचा दम पाहून मला गाडीची लाज वाटायची.

शेवटी मी शहाण्यासारखा मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री कमी बोलतो. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "स्लो जेट."

"म्हणजे?"

"पळताना गाडी मोठ्या रस्त्याने पेट्रोल पिते. तुम्ही मूठ सोडली की तो रस्ता बंद होतो. मग ती जगते एका बारीक भोकावर. ते स्लो जेटचं भोक. त्यात कचरा आलाय. उन्हाळ्यात कसंबसं भागतं, थंडीत नाही भागत."

"केवढं असतं ते भोक?"

"दिसत नाही एवढं."

खरं सांगतो, त्या दिवशी मी प्रथम गाडीकडे आदराने पाहिलं. तीन माणसांचं वजन ओढणारं धूड, आणि त्याचा जीव न दिसणाऱ्या भोकात! मिस्त्रीने ते फुंकून साफ केलं आणि निघताना कार्बोरेटरच्या बाजूचा एक पितळी स्क्रू दाखवला. "हा आयडलिंगचा, उभ्या गाडीचा वेग धरणारा. मी बसवून दिलाय. याला हात लावायचा नाही."

"छे, मी कशाला लावतोय," मी म्हणालो.

दोन दिवस गाडी छान चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खोकली.

आता इथे माझ्या हातून जे घडलं ते सांगताना मान खाली जाते, पण सांगतो. मी पाणीपुरवठ्याचा माणूस. तोटी तुंबली की तीत काडी घालायची, हे आमच्याकडे शिपायापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. रविवारी सकाळी मी चहाच्या ट्रेमध्ये कार्बोरेटर उघडला, तांदळाच्या दाण्याएवढा तो पितळी जेट बाहेर काढला आणि बायकोच्या डब्यातली रजई शिवायची सुई त्यात घातली. ती जाईना. मी जोर लावला. गेली. इतकी गेली की मला फार समाधान वाटलं.

दुपारी किक मारली. गाडी लगेच चालू झाली आणि चालूच राहिली. मी विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर वरचं काही दिसेना. काळा धूर जिन्यातून चढत चढत दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. गाण्याच्या बाईंचा वर्ग चालू होता. सहा शिष्यांनी एका वेळी खोकल्याचा असा ठसका लावला की त्या वर्गात सगळ्यांचा आवाज एकत्र निघाल्याची तेवढी एकच वेळ असेल. पाच मिनिटांनी प्लग काजळीने भरला आणि गाडी पुन्हा गप्प झाली.

मिस्त्रीने जेट उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "हा आता मिळत नाही. कंपनीने हे मॉडेल बंद करून जमाना झाला." आणि हळूच विचारलं, "सुई?"

मी मान हलवली. त्याने जेट माझ्या तळहातावर ठेवला आणि मुठीवर थोपटलं. इतकी समजूतदार थाप मला यापूर्वी फक्त मयताला गेल्यावर मिळाली होती.

एक आठवडा उरला होता. मुदत वाढवून मिळते का पाहावं म्हणून मी रजा टाकून नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे जाडजूड वही काढली, पान उलटलं आणि वाचलं, "मोटरसायकल, एक. सोबत जोडलेली पेटी, एक. उपयोग: सामान."

"त्यात माझी आत्या बसते," मी म्हणालो.

"नोंदीत आत्या नाही. सामान आहे."

"मग नोंद दुरुस्त करा."

"करू की. तपासणीत गाडी पास झाली की नोंद दुरुस्त होते."

"आणि तपासणी पुढे ढकलायला?"

"त्याला दुरुस्त नोंद लागते."

मी कचेरीतला माणूस आहे. लोकांना अशा गोल जिन्यावरून फिरवणं मलाही येतं. पण इतकं स्वच्छ, इतक्या कमी शब्दांत, आवाज न चढवता मला कधीच जमलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला आणि घरी आलो.

आत्याला सांगितल्यावर तिने आधी कुबड्या नीट बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तीस वर्षं मी सामान म्हणून फिरले? तरीच माझं वय कोणी विचारलं नाही." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "हे बघ, मला बाहेर जायचा शौक नाही रे. पण सकाळी मी माझ्या हाताने दुकानाची झडप उघडते ना, तेव्हा मला वाटतं, मी आहे. घरी बसले की मी फक्त तुमची आत्या उरेन. तुमची आत्या व्हायला मला आवडतं, पण दिवसभर नाही."

 तिने हात पुढे केला. "तो जेट का काय, तो दाखव इकडे."

तुम्ही विचाराल, घरात घड्याळं दुरुस्त करणारी बाई असताना मी मिस्त्री, सुई आणि कारकून एवढ्या वाऱ्या का केल्या? मीही स्वतःला हेच विचारलं. उत्तर असं की मोटरसायकल ही मी आत्यासाठी करायची गोष्ट होती. आत्याने मोटरसायकलसाठी काही करायचं असतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दुकानात बसलो होतो. तिने भिंग लावलं, जेट चिमट्यात धरला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

"सुईने. रजईच्या."

तिने भिंग काढलं आणि माझ्याकडे भिंगाशिवाय पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. "बघ."

मी पाहिलं. आत एक विहीर होती. पितळेची, गोल, नितळ, खाली उजेड झिरपणारी. आणि एका बाजूचा काठ ढासळला होता, तिथे माझी सुई घुसली होती. विहिरीच्या तोंडाशी एक आकडा कोरलेला होता. इतके दिवस मी त्याला ओरखडा समजत होतो.

"पस्तीस," आत्या म्हणाली. "एका मिलिमीटरचे शंभर भाग कर. त्यातले पस्तीस. एवढं भोक होतं. तू पन्नासाच्या वर नेलंस. घड्याळात एवढ्या चुकीला मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवू शकत नाही."

पुढचे तीन तास मी स्टुलावरून हललो नाही. तिने आधी भोक कथलाने बुजवून टाकलं. मग एका खोक्यातून केसाएवढं गिरमिट काढलं, हो, गिरमिट, भोक पाडायचं, पण केसाएवढं. ते छोट्या चिमटीत अडकवून ती बोटांनी फिरवू लागली. अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे. ज्या हातांना कुबड्या धरून धरून कंप सुटलेला मी रोज पाहतो, ते हात दगडासारखे थांबले होते. गिरमिट फिरताना ती श्वास घेत नव्हती. थांबली की घ्यायची. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीही तसंच करतोय. एक गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं, त्यानेही आत पाहिलं आणि श्वास धरला. तिघं जण खिडकीएवढ्या दुकानात एका तालावर श्वास घेत होतो.

शेवटी तिने फुंकर मारली आणि जेट खिडकीकडे धरला. उजेडाचा एक ठिपका तिच्या अंगठ्याच्या नखावर पडला. तिने एक तार आत घातली, ती गेली. तिच्याहून जरा जाड दुसरी घातली, ती अडली.

"पस्तीस," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

ज्या बाईला मी लहानपणापासून रोज पाहतो, तिला मी त्या दिवशी पाहिलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिने चेष्टा केली असती म्हणून मी नुसतंच नाक शिंकरून घेतलं.

जेट बसवला. मिस्त्रीने पुन्हा पितळी स्क्रू जागेवर आणला. गाडी उभ्या जागी अशी चालू राहिली की गाण्याच्या बाईंनी गॅलरीतून "वाहवा" म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंद पडली.

मी ओट्यावर मटकन बसलो. आत्याने मात्र वाकून स्क्रूकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "नेलपॉलिश आण गं." तिने मिस्त्रीकडून स्क्रू पुन्हा बसवून घेतला आणि त्याच्या कडेला लाल ठिपका दिला, खाली कार्बोरेटरवर दुसरा, अगदी समोरासमोर. "घड्याळात असंच करतात," ती म्हणाली. सकाळी पाहिलं तर दोन्ही ठिपक्यांचं बिनसलं होतं. वरचा पाव वळसा दूर जाऊन बसला होता.

पुढल्या पहाटे मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. पाच चाळीसला प्रेशरकाका दुधाची पिशवी घेऊन खाली आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रजईचा कोपरा उचलला, खिशातून नाणं काढलं आणि स्क्रू डावीकडे फिरवला. टाकी थोपटली. गेले. पाच पन्नासला गाण्याच्या बाई उतरल्या. त्यांनी केसांतला आकडा काढला, तोंडाने पंचम गुणगुणत स्क्रू उजवीकडे आणला आणि आकडा पुन्हा केसांत खोचला. मग पेपर टाकणारा आला, त्याने आगीच्या बंबावरच्या माणसाच्या चपळाईने नख घालून डावीकडे फिरवला. मग समोरच्या घरातला शिंपी कात्री घेऊन आला. आणि मग मागचं दार उघडलं, भाजीची सुरी घेऊन माझी बायको बाहेर आली.

"तूसुद्धा?" मी खिडकीतून ओरडलो.

ती दचकली, पण सुरी खाली केली नाही. "रोज देते मी चिमूटभर वळसा. म्हणून तर चालू होते. तुम्हाला काय वाटलं, आपोआप होते?"

पायजम्याच्या खिशात माझं स्वतःचं नाणं होतं. पहिल्या दिवसापासून रोज सकाळी निघण्याआधी मीही तो स्क्रू कणभर सरकवत होतो. पण मी गाडीचा मालक. माझं फिरवणं मी कधी फिरवण्यात धरलंच नव्हतं.

जिन्याच्या पायरीवर बसून मी हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सहा माणसं, सहा हत्यारं, रोज पहाटे, एकमेकांना पत्ता न लागू देता. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आत्याची गाडी आपल्याच वळशावर चालली आहे आणि उगाच कशाला बोलून दाखवायचं! मला राग यायला हवा होता. पण मी थक्क होऊन नुसता बसून राहिलो. एवढी माया एका स्क्रूवर चढलेली मी कुठे पाहिली नव्हती.

आत्याने सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. सगळे चोरी पकडल्यासारखे उभे.

"तुमचं सगळ्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे," ती म्हणाली, "ते मला दिसतंय. आता तीन दिवस ते खिशात ठेवा."

ते तीन दिवस माणसांना फार जड गेले. प्रेशरकाका हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरायचे. गाण्याच्या बाईंनी केसांना आकडा लावणंच सोडलं. मी नाणी घरी ठेवून कचेरीत जाऊ लागलो. ठिपके मात्र समोरासमोर राहिले.

तपासणीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. गवतावर पांढरं दव. इंजिन थंड न्यायचं म्हणजे चालू करता येणार नव्हतं, म्हणून आम्ही गाडी ढकलत निघालो. आत्या साइडकारमध्ये शाल लपेटून बसली होती. "ढकललेलं चालेल का?" मी भीत भीत विचारलं होतं. "ढकलणं वेगळं," ती म्हणाली. मागे काका, बाई, शिंपी, बायको आणि वाटेत आपणहून सामील झालेला मिस्त्री. प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती आणि काका ती पाहून खूश होते.

निरीक्षकसाहेब मफलरमध्ये गुंडाळलेले एक लाल नाक होते. त्यांनी इंजिनावर हात ठेवून थंडी तपासली, शहारले आणि म्हणाले, "चालू करा."

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

"हात काढा. सगळ्यांनी लांब."

आम्ही एक पाऊल मागे झालो आणि सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले. ते पाहून साहेबांनीही का कोण जाणे घड्याळाचा हात सोडून दुसरा पाठीमागे घेतला. गाडी पुटपुटत होती. अर्धं मिनिट. एक मिनिट. पाठीमागे काकांची बोटं कटकट वाजत होती.

दीड मिनिट झालं असेल. आवारातून वाऱ्याची एक बोचरी झुळूक आली आणि आवाज उतरला. एक ठोका चुकला. मग दुसरा. बाईंनी डोळे मिटले. पुढच्या ठोक्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात मला बंद दुकान, ओट्यावरची खुर्ची आणि दिवसभर तिच्यात बसलेली आत्या असं सगळं दिसलं, आणि माझा हात आपोआप मुठीकडे झेपावला.

साइडकारमधून माझं मनगट कोणीतरी पकडलं. कुबड्यांनी तयार झालेली पकड होती ती, सुटायची सोय नाही.

"थांब," आत्या म्हणाली. "सावरतेय ती."

तिची नजर इंजिनावरून हलत नव्हती. ती घाबरली होती, माझ्याहून जास्त. पण तिने मला सोडलं नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखत, कोणाचं बोट नाही, नाणं नाही, आकडा नाही, त्या पस्तीस शतांशांच्या भोकातून एक घोट आत गेला. ठोका पडला. मग दुसरा. मग तिसरा जरा लवकर. गाडी खालच्या आवाजावरून पायरी पायरी चढत आपली आपण वर आली आणि उभी राहिली.  

"झाली दोन मिनिटं," साहेब म्हणाले. कोणी हललं नाही. साहेबही ऐकत उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काम कोणी केलं हे?"

"मी," आत्या म्हणाली. "आणि या सगळ्यांनी काही केलं नाही. ते जास्त अवघड होतं."

शिक्का बसला. बाकीचे बोलत, हसत पायी निघाले आणि मी आत्याला घेऊन थेट दुकानाकडे. बाजाराच्या अलीकडे सिग्नल लाल होता. मी थांबलो, मूठ सोडली. दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी आत्या नेहमी मान खाली घालून कुबड्यांकडे बघत बसायची, कारण मी किका मारत असायचो आणि लोक बघत असायचे. आज तिने मान वर केली. डावीकडच्या गाडीतल्या बाईकडे पाहिलं, उजवीकडच्या स्कूटरवाल्याकडे पाहिलं, आणि शालीचं टोक नीट केलं. गाडी उभी होती, चालू होती. ठक, ठक, ठक. कोणी काही करत नव्हतं आणि ती चालू होती. मी ऐकत राहिलो. असं वाटलं की हा सिग्नल कधी सुटूच नये.

मागे भोंगे वाजायला लागले. एक, दोन, मग सगळेच. सिग्नल कधी हिरवा झाला होता, मला पत्ता नव्हता.

आत्याने कुबडीने माझ्या पोटरीला ढोसलं. "अरे, निघ की," ती म्हणाली. "गाडी चालू आहे. तूच बंद पडलास."